वही कोण वाचणार?

(मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आज आम्हाला बोलायला उभे केले याचे आमचे आम्हालाच नवल वाटते. आम्ही डॉक्टर नाही. इथल्याच युनिव्हर्सिटीच्या कॉमर्स फॅकल्टीतून बी. कॉम. झालो आणि बँकेत क्लार्क म्हणून लागलो, ते आजतागायत. चिटणीसांना तसे सांगितलेही. ते म्हणाले, "डॉक्टरांची भाषणे दर वर्षी होतात. या वेळी घरात आजारी माणूस सांभाळणाऱ्याने बोलावे." त्यावर नाही म्हणता आले नाही. तेव्हा औषधांविषयी आम्ही एक अक्षरही बोलणार नाही. आकडे लिहिणे, ते वाचणे आणि वाचून वेळेवर हालचाल करणे, एवढ्यापुरतेच बोलू. तो आमचा धंदा आहे, आणि त्याच धंद्यात आमच्याकडून घरी चूक झाली. ती आधी सांगतो.

आमचे वडील दुसऱ्या रांगेत बसले आहेत. भाषण आधी त्यांना वाचून दाखवले. "माझे वजन सभेत सांगू नकोस," असे ते म्हणाले. तरी सांगणार आहोत, अण्णांनी माफ करावे.

अण्णांचे हृदय अशक्त आहे. शिवाय रक्तदाब आणि मधुमेह. डॉक्टरांनी सांगितले होते की रोज सकाळी वजन करा. कारण असे की हृदयाचा पंप कमी पडला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. ते पाणी आधी पायांत आणि मग फुप्फुसांत साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यामुळे धाप लागण्याच्या कितीतरी आधी काटा बोलतो. आमच्या पुण्याच्या भावाने लगेच चांगल्यातला काटा पाठवला. अण्णा त्यावर उभे राहिले की आकडा आपोआप तिघांच्या मोबाईलवर पडायचा: आमच्या, भावाच्या आणि कॅनडातल्या बहिणीच्या. शिवाय आई जुन्या सवयीने वहीतही लिहायची. घरात सगळ्यांना वाटले, आता काळजी मिटली.

२०२२ ची दिवाळी. सोमवारी लक्ष्मीपूजन, त्या सकाळी वजन ६१.२. मंगळवारी ६१.५. बुधवारी, भाऊबीजेला, ६२.३. गुरुवारी ६२.९. शुक्रवारी ६३.७. शनिवारी ६४.१. घरात फराळ होता. चिवडा, शेव, चकली, सगळे मिठाचे. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर थोडे थोडे खात होते. मोबाईलवर रोज आकडा येत होता आणि आम्ही तिघे भावंडे त्याखाली अंगठा दाखवत होतो. आईने सहाच्या सहा आकडे सुवाच्य अक्षरात एकाखाली एक लिहिले. शनिवारी रात्री दोन वाजता अण्णांना आडवे होता येईना. श्वास पुरेना. रिक्षा मिळेना, शेजाऱ्यांनी गाडी काढली. सहा दिवस दवाखान्यात गेले.

तिथे एका तरुण डॉक्टरांनी वही मागितली. पाने उलटली. मग आम्हाला विचारले, "वही फार छान ठेवली आहे. पण ही वाचतं कोण?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. भावाला वाटत होते, आम्ही अण्णांजवळ आहोत, आम्ही बघत असू. आम्हाला वाटत होते, काटा भावाने घेतला आहे, तो बघत असेल. बहिणीला वाटत होते, आकडा रोज येतो आहे म्हणजे सगळे ठीक आहे. आणि आई? किती वजन वाढले तर घाबरायचे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिचे काम लिहिण्याचे, ते तिने चोख केले. यंत्रानेही आपले काम चोख केले. चूक माणसांची, आणि त्यातही आमची जास्त. कारण बँकेत पहिल्या दिवसापासून शिकवतात की एकाने एंट्री करायची आणि दुसऱ्याने ती पास करायची. पास करणाऱ्याची सही नसेल तर एक रुपयासुद्धा हलत नाही. शंभर रुपयांच्या व्हाउचरला आम्ही दोन सह्या घेतो, आणि बापाच्या सहा दिवसांच्या वजनाला एकही नाही!

नंतर कळले की हृदय अशक्त असलेल्या माणसाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर डॉक्टरांना कळवावे, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या वहीत मंगळवार ते शुक्रवार २.२ किलो वाढ आहे. म्हणजे शुक्रवारी सकाळी एक फोन केला असता तर पाण्याच्या गोळीत फेरफार करून कदाचित भागले असते. "कदाचित" म्हणतो, कारण डॉक्टरही तसेच म्हणाले.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट आमच्या एकट्याच्या घरची नाही. केंद्र सरकारने वृद्धांची देशव्यापी पाहणी केली, २०१७-१८ ची. तिच्यात साठीपुढच्या दर चार माणसांमागे तिघांना एक ना एक दीर्घकाळचा आजार आढळला. त्यात आपल्या समाजाची स्थिती पाहा. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथले वाडे एकेक करून विकले गेले. काही मंडळी मांजलपूरकडे फ्लॅटमध्ये गेली. मुले पुण्याला, बंगलोरला, त्याहून पुढे. मागे दोन म्हातारी माणसे राहतात, पुष्कळ ठिकाणी एकच. मुले वाईट नाहीत. ती पैसे पाठवतात, यंत्रे पाठवतात. कपाटे उघडून पाहिली तर घराघरात रक्तदाबाचे यंत्र निघेल, करोनात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर निघेल. सेल गेलेले असतात, एवढेच.

मग या यंत्रांचा उपयोग होतो की नाही? परदेशात याचा मोठमोठा अभ्यास झाला आहे. तीनच दाखले देतो.

अमेरिकेत हृदय अशक्त असलेल्या १,६५३ रुग्णांवर एक प्रयोग झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांनी रोज एका नंबरवर फोन लावायचा, यंत्राचा आवाज प्रश्न विचारणार, रुग्णाने बटणे दाबून वजन आणि त्रास कळवायचा, आणि दवाखान्यात ते पाहिले जाणार. सहा महिन्यांनी हिशेब केला तर पुन्हा दवाखान्यात जाणारे किंवा दगावणारे दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले: ५२.३ टक्के आणि ५१.५ टक्के. ज्यांना ही सोय दिली होती त्यांतल्या १४ टक्क्यांनी एकदाही फोन लावला नव्हता. शेवटच्या आठवड्यापर्यंत आठवड्याला निदान तीनदा फोन करणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. यंत्राशी रोज कोण बोलणार?

दुसरा दाखला जर्मनीचा, २०१८ सालचा. आजार तोच, रुग्ण दीड हजारावर. वजन, रक्तदाब, हृदयाचा आलेख रोज घरून जात होता. फरक असा की पलीकडे बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयात चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका बसलेल्या होत्या. आकडा बिघडला की त्या स्वतः फोन करायच्या, गरज पडल्यास औषध बदलायचे. तिथे मृत्यूचे प्रमाण वर्षाला शंभर रुग्णांमागे ११.३ होते ते ७.९ वर आले.

तिसरा दाखला इंग्लंडचा, तोही २०१८ चा, रक्तदाबाचा. १,१८२ रुग्णांचे तीन गट केले. एक गट नेहमीप्रमाणे डॉक्टरकडे जाऊन तपासून घेणारा. दुसरा घरी मोजून कागदावर लिहून डॉक्टरला पाठवणारा. तिसरा घरी मोजून मोबाईलने पाठवणारा. वर्षाने वरचा आकडा पहिल्या गटात सरासरी १४०.४, कागदवाल्यांत १३७.० आणि मोबाईलवाल्यांत १३६.० निघाला. घरी मोजणारे दोन्ही गट पुढे, आणि कागद व मोबाईल यांत म्हणण्यासारखा फरक नाही. कारण दोन्हीकडे डॉक्टर ते घरचे आकडे पाहून गोळी ठरवत होते.

आम्ही यातून एवढेच घेतले की महागडे यंत्र नसले तर अडत नाही. वाचणारा आणि पुढे हालचाल करणारा माणूस नसला तर मात्र अडते. दोनशे पानी वहीसुद्धा चालते.

आता आकडा मुळात खरा तर हवा. बँकेत चुकीची एंट्री ही एंट्री न करण्यापेक्षा वाईट. आमच्या ओळखीच्या एका मावशींचे सांगतो. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर. स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायच्या, आणि तोही जिना चढून आल्या आल्या. आकडे मोठे यायला लागले. ते डॉक्टरांना दाखवले, डॉक्टरांनी विश्वासाने एक गोळी वाढवली. आठवड्याने मावशी पहाटे उठून न्हाणीघराकडे जाताना चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडले. डॉक्टरांना दोष देता येत नाही, यंत्रालाही नाही.

म्हणून रक्तदाब मोजण्याची रीत एकदा नीट ऐका. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही, चालणे-फिरणे नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नको. पाच मिनिटे शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीला. मोजताना बोलायचे नाही. नुसत्या बोलण्यानेही आकडा दहापर्यंत वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही लिहा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असे डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस. रोज उठून दहादा मोजत बसू नका. त्या काळजीनेच तो वाढतो. यंत्र दंडाचे घ्या, मनगटाचे नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. आणि वर्षातून एकदा यंत्र डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशी ताडून पाहा. आम्ही रोज संध्याकाळी कॅश टॅली करतो, तुम्ही वर्षातून एकदा यंत्र टॅली करा.

घरच्या मोजणीची सरासरी १३५ बाय ८५ च्या वर राहिली तर ती जास्त समजतात; दवाखान्यात हीच रेषा १४० बाय ९० धरतात. पण वय, पडण्याची भीती, इतर आजार पाहून तुमची रेषा तुमच्या डॉक्टरांनी ठरवायची. तसेच उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून आणि मग उभे राहून, असे दोन्ही आकडे घेऊन जा. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरत असेल तर डॉक्टरांना ते कळायलाच हवे. मावशींचे तसेच होत होते.

वजनाचे सोपे आहे. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, साधारण त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर, काटा सपाट फरशीवर. गालिच्यावर ठेवला तर आकडा चुकतो.

साखरेच्या यंत्राबद्दल दोन गोष्टी. बोट धुऊन, पुसून मगच टोचा. नुकताच आंबा किंवा लाडू खाल्लेल्या हाताची साखर आपल्या रक्ताची म्हणून मोजली जाते. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख पाहा, डबी घट्ट लावा. आणि आकडा सत्तरच्या खाली आला, अंगाला घाम, हातपाय थरथरू लागले, तर फोन शोधत बसू नका. आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग फोन. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना. म्हाताऱ्या माणसाला वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेली साखर त्या रात्रीपुरती जास्त धोक्याची असते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

आता काही जणांनी विचारले की घरात कॅमेरा बसवावा का, म्हणजे मुलाला परदेशातून आई-वडील दिसतील. आमच्या बहिणीनेही तो विषय काढला होता. आई म्हणाली, "मी काय तिजोरी आहे?" विषय तिथेच संपला. आम्हाला आईचे पटते. पडले तर दाबायची गळ्यातली घंटी, दर सकाळी ठरल्या वेळी शेजाऱ्यांनी मारलेली हाक, हे चालेल. पण ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याला आधी विचारावे. आणि मोबाईलवरच्या आरोग्याच्या ॲपला आधार क्रमांक, बँकेचा ओटीपी कोणी मागितला तर देऊ नये. काउंटरवर रडत आलेले म्हातारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो.

आता आमच्या घरी काय बदलले ते सांगून मंडळाच्या कामाकडे येतो. वहीत पूर्वी दोन रकाने होते, तारीख आणि आकडा. आता चार आहेत: तारीख, आकडा, कोणी पाहिला, काय केले. वहीच्या पहिल्या पानावर डॉक्टरांच्या हातून तीन ओळी लिहून घेतल्या: वजन इतके झाले तर फोन करा, रक्तदाब याच्यावर किंवा याच्याखाली गेला तर फोन करा, साखर अशी असेल तर हे करा. खाली फोन नंबर. आई लिहिते. आम्ही बँकेत निघण्यापूर्वी पाहून सही करतो. आम्ही गावाला गेलो तर भाऊ पुण्याहून पाहतो आणि आईला फोन करून "पाहिला" असे सांगतो. अंगठा चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात दोनदा वजन रेषेपुढे गेले, दोनदा फोन केला, दोनदा गोळी बदलली. दवाखान्याची पायरी चढावी लागली नाही. खर्च वहीचा.

पण ज्यांच्या घरी सही करायला दुसरे माणूसच नाही त्यांचे काय? इथे मंडळाचे काम सुरू होते.

या शहराला अशा कामाची सवय आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना आणून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. ज्या गावात वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या पाठवल्या जात, वाचून झाल्या की परत येत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याच्या आठवणी सांगितल्या गेल्या आहेत. तशीच पेटी आपण फिरवू. तीत पुस्तकांऐवजी यंत्रे.

हिशेब मांडतो, दर ढोबळ आहेत. दंडाची सहा रक्तदाब यंत्रे, प्रत्येकी दोन हजार, म्हणजे १२ हजार. चार वजनकाटे, प्रत्येकी एक हजार, ४ हजार. चार रकान्यांच्या, मराठीत सूचना छापलेल्या शंभर वह्या, प्रत्येकी चाळीस रुपये, ४ हजार. एकूण २० हजार. गणेशोत्सवात एका संध्याकाळच्या ऑर्केस्ट्रावर आपण किती खर्च करतो ते खजिनदारांना विचारा, आम्ही सांगत नाही. साखरेचे यंत्र मात्र पेटीत ठेवायचे नाही. ते ज्याचे त्याने घ्यावे. टोचायची सुई तर नवराबायकोनेही एकमेकांची वापरू नये, त्यातून कावीळ पसरते.

यंत्रांहून अवघड काम माणसांचे. प्रत्येक पोळ आणि प्रत्येक सोसायटीमागे एक "वाचक" हवा. तो डॉक्टर नको. त्याने एवढेच करायचे की ठरलेल्या तीन-चार घरी रोज एक फोन, आकडा विचारायचा, पहिल्या पानावरच्या रेषेशी ताडायचा आणि रेषा ओलांडली असेल तर त्या घरच्या डॉक्टरांना व मुलांना कळवायचे. औषध सांगायचे नाही. वही दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही. निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले आपल्याकडे भरपूर आहेत. ज्यांनी तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशाची पै न् पै जुळवली त्यांना चार आकडे जड नाहीत. जो रोज फोन करील त्याच्याशी समोरचा माणूस दोन शब्द मराठीत बोलेल, हाही लाभच. गुजरातीची आमची तक्रार नाही. आपण ती वाचतो, बोलतो, तिच्यात व्यवहार करतो. पण पंचाहत्तरीची बाई रात्री दोन वाजता घाबरते तेव्हा मराठीत घाबरते. सूचना तिच्या भाषेत हव्यात, एवढेच मागणे.

आणि आता सरकारकडे. निवडणूक आली की उमेदवार आपल्या पोळात येतात, दोन वाक्ये मराठीत बोलतात, गणपतीला नारळ ठेवतात. या वेळी त्यांना ओट्यावर बसवून पुढचा हिशेब विचारावा.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड मिळते. चांगली गोष्ट आहे. ज्यांनी काढले नसेल त्यांनी उद्याच काढावे, मंडळाच्या कचेरीत मदत मिळेल. पण हे पैसे दवाखान्यात दाखल झाल्यावरचे. घरी राहून आजार आवाक्यात ठेवायला लागणारी साखरेची पट्टी, रक्तदाबाचे यंत्र, वही पाहणारी परिचारिका, यांना या कार्डात जागा नाही. म्हणजे अण्णा सहा दिवस खाटेवर पडले तर सरकार हजारो रुपये देईल, आणि ते पडू नयेत म्हणून काहीच नाही. बँकेत असे कर्ज कोणी मंजूर केले तर ऑडिटर विचारील. २२ सप्टेंबर २०२५ पासून साखरेचे यंत्र आणि पट्ट्या यांच्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याबद्दल आभार. पण इन्सुलिन घेणाऱ्या पेन्शनरला रोज दोन पट्ट्या लागतात, तो अजूनही दुकानात उभा राहून डबी पुढे ढकलतो.

तेव्हा नगरसेवक, आमदार, कोणीही येवो, मागण्या तीनच ठेवू या. पहिली: महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस घरच्या वह्या तपासण्यासाठी राखून ठेवावा, आणि परिचारिकेने पाहून शिक्का मारावा. त्याच दिवशी घरची यंत्रे ताडून द्यावीत. दुसरी: इन्सुलिन घेणाऱ्या ज्येष्ठांना पट्ट्या मोफत. तिसरी: सूचनांचा कागद गुजरातीबरोबर मराठीत आणि ज्या वस्तीत जी भाषा बोलली जाते त्या भाषेतही. यातली एकही मागणी फक्त मराठी माणसासाठी नाही. आपल्या शेजारच्या गुजराती, सिंधी, मुसलमान घरांतले म्हातारेही तीच वही लिहितात. त्यांना बरोबर घेऊन गेलो तर निवेदन वजनदार होईल. टेलिमेडिसिनचे नियम केंद्राने मार्च २०२० मध्येच केले आहेत, डॉक्टर फोनवरून सल्ला देऊ शकतात. व्यवस्था आहे. तिला आपल्या घरापर्यंत ओढून आणायचे आहे.

शेवटी परगावच्या मुलामुलींना एक सांगणे. हे पत्रक तुमच्याकडेही येते म्हणून. यंत्र पाठवता ते पाठवा. पण त्याबरोबर एक नाव ठरवा, आज कोण पाहणार. सगळ्यांच्या मोबाईलवर आकडा पडला म्हणजे सगळ्यांनी पाहिला असे होत नाही. आमच्या घरी तो तिघांकडे पडत होता.

सभा संपल्यावर दाराशी टेबलावर दोन कागद आहेत. एकावर ज्यांना वाचक हवा त्यांनी नाव आणि पत्ता लिहावा. दुसऱ्यावर ज्यांना वाचक व्हायचे आहे त्यांनी. पहिला कागद भरेल याची आम्हाला खात्री आहे. दुसऱ्यावर पहिले नाव आमचे लिहून ठेवले आहे, खाली जागा भरपूर आहे.